उताणा तळवा

पट्टीचं एक टोक सुटलं होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नेमकं तिथंच जिथं बोट वाकतं — आणि दर वाकण्यासरशी ते टोक उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं, एखाद्या आगाऊ माणसाच्या भुवईसारखं. पाकिटावर लिहिलं होतं, कातडीच्या रंगाची पट्टी. कोणाच्या कातडीच्या? थोरलीनं ते टोक दाताखाली दाबून पाहिलं, अंगठ्यानं घासून पाहिलं. चिकटेना. सकाळी आईच्या ओट्यावर डबा उघडताना पत्र्यानं बोट कापलं तेव्हा आई आधी हसली होती, मग पट्टी लावून दिली होती, आणि मग हात पुसून हातांनीच म्हणाली होती — आज दिवसभर तू बोबडी बोलणार.

बहिऱ्या माणसांचे विनोद असे. ऐकू येणाऱ्यांना ते कळत नाहीत, कारण त्यांना वाटतं बहिरी माणसं म्हणजे बिचारी, आणि बिचाऱ्यांनी विनोद करायचे नसतात. पण खरंच होतं ते. हातांनी बोलायचं तर बोटावरची पट्टी म्हणजे जिभेवरचा फोड. आणि थोरलीचं पोट त्या बोलण्यावरच चाललेलं — दुभाषी. कोर्टात, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत लोक तोंडानं बोलतात ते ती हातांनी बहिऱ्यांना सांगते, बहिरे हातांनी बोलतात ते तोंडानं इतरांना. आणि आज इथं, या जत्रेत… महोत्सव म्हणायचं, जत्रा म्हटलेलं आयोजिकेला आवडत नाही.

शहर आज स्वतःचेच लाड करत होतं. मोठा रस्ता मोटारींना बंद, नदीकाठच्या बागेत मंडपावर मंडप, खांबाखांबावर कापडी फलक — सारं जग एका अंगणात. संगीत, नृत्य, कथा. प्रवेश मोफत. मोफत म्हटलं की माणसांच्या डोळ्यांत जे पाणी येतं ते तिनं सकाळपासून पाहिलं होतं. कुठल्याशा लांबच्या डोंगरातून आलेले ढोलवाले घामानं निथळत वाजवत होते आणि पुढची मंडळी डोळे मिटून डुलत होती, कागदी पेल्यातली कॉफी न सांडता. डुला. उद्या सकाळी यातल्याच एखाद्या ढोलवाल्यानं यांच्याकडे खोली भाड्यानं मागितली की यांच्या घरी एकाएकी पाहुणे येणार असतात. परवा त्याची बायको बसमध्ये मोठ्यानं फोनवर बोलली की यांचं डोकं दुखणार असतं. एक दिवस जग अंगणात घ्यायचं आणि संध्याकाळी झाडून काढायचं… बरं, तुला काय एवढं झोंबतंय, थोरलीनं स्वतःलाच विचारलं. तुला तर कामाला बोलावलंय. गप काम कर आणि जा.

पण दुपारीच मोठ्या मंचावरून उतरताना एका बाईनं तिला गाठलं होतं. बाईच्या पापण्या ओल्या. "तुमचे हात… अहो, नृत्यच ते! मी नुसती बघत राहिले. काय सांगत होतात तुम्ही?"

"आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं ते," थोरली म्हणाली होती. "आणि संडास डाव्या बाजूला आहेत."

बाईनं डावीकडे वळून पाहिलं. तेवढाच दिवसातला आनंद.

आता कथेच्या तंबूमागे, वायरींच्या वेटोळ्यांत, ती पट्टी दाबत उभी होती आणि समोरून धाकटी आली. धाकटी चालत येत नाही, अवतरते. लांब झगा, गळ्यात लाकडी मणी, केस मुद्दाम विस्कटलेले. कथाकार! चार देशांत जाऊन आलेली. लहानपणी साधं निरोपाचं काम सांगितलं तर त्यात दोन राक्षस घालून यायची, आणि आई — जिला त्यातला एक शब्द ऐकू यायचा नाही — तिच्या हलत्या ओठांकडे बघून हसत बसायची. आईनं दोघींना खुणेची नावं ठेवली होती. धाकटीचं नाव हनुवटीपाशी बोटं फडफडवून — पाखरू. थोरलीचं नाव कानाची पाळी चिमटीत धरून. कान. एकीला पाखरू म्हणायचं आणि एकीला कान. वापरायचा अवयव…

"ताई! अगं किती वाळलीस. काही खाल्लंस का?"

"खाल्लं. मिठाच्या खाणीची गोष्ट किती लांब करणारेस? उभं राहून पाय मोडलेत माझे."

"ती नाही सांगत मी. बदलली."

"बदलली म्हणजे? आठवडाभर मी त्या खाणीच्या खुणा घोकतेय!"

"आयोजिका म्हणाली, काहीतरी आतलं द्या, घरातलं. मग म्हटलं, आईचीच सांगू. बाबा दवाखान्यात होते तेव्हाची." धाकटीनं मणी सारखे केले. "आईला मी गाडीत घालून आणलंय. पुढच्या रांगेत बसवलंय. तिला काही सांगितलं नाही. तिची गोष्ट, मी सांगणार, तू हातांनी सांगणार — ताई, तूच विचार कर, किती सुंदर!"

तंबूचं कापड वाऱ्यानं फुगलं आणि बसलं.

"दवाखान्याची गोष्ट तुला कोणी सांगितली?"

"तूच की. तुला ताप भरला होता तेव्हा. तू रडलीस सुद्धा."

"मग मी सांगितली तशीच सांगणारेस?"

"जवळजवळ… अगं, गोष्ट आहे ती. शेवट जरा मऊ केलाय. त्यातली मुलगी आईला खरं सांगतच नाही. डॉक्टर सांगतात बाबा वाचणार नाहीत, आणि ती आईला हातांनी सांगते, झोपलेत, आपण घरी जाऊ. लोकांना आवरत नाही गं तिथं."

"त्यातली मुलगी कोण?"

"मी." ती पटकन म्हणाली. "म्हणजे ती मीच, असं करून सांगते. परक्याचं म्हणून सांगितलं की लोक लांब राहतात."

"तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. शेजारच्या काकूंकडे झोपली होतीस. तोंडात अंगठा घालून."

"ताई, आता नको. माणसं भरलीत बाहेर. तुला कशाचा त्रास? तू नुसते हात हलवायचेस."

आणि गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तिचं आयुष्यच ते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात म्हणतात; हे तर आपल्याच बापाचं मढं, आणि वर ते लोणी जगाला फुकट वाटायचं. थोरलीला वाटलं, निघून जावं. आयोजिकेला सांगावं, पोटात दुखतंय. मग आईला काय दिसेल? धाकटीचे हलणारे ओठ. नेहमीसारखी हसत बसेल ती. ठीकच की… पण तंबूत बहिऱ्यांच्या दोन रांगा होत्या, महिनाभर वाट पाहून आलेल्या, आणि थोरली आजवर कधी काम टाकून पळाली नव्हती. ते शेण खायचं तिच्या बोटांना ठाऊक नव्हतं.

ती मंचाच्या कडेला, दिव्याच्या उजेडात जाऊन उभी राहिली. काळे कपडे, हात उठून दिसावेत म्हणून. समोर आई. निळी शाल, मांडीवर पर्स, मान थोडी पुढं. आईनं कानाची पाळी चिमटीत धरली — कान! — आणि मग पहिलं बोट वाकवून दाखवलं आणि हसली. बोबडी. थोरलीला हसावं लागलं.

धाकटीनं श्वास घेतला.

दुभाष्याचा धर्म एकच असतो. बोलणारा बोलेल ते आणि तेवढंच. घालायचं नाही, गाळायचं नाही, मऊ करायचं नाही. बोलणारा मी म्हणाला की आपणही मी म्हणायचं, स्वतःच्या छातीला बोट लावून. कोर्टात तिनं एकाच्या वतीनं सांगितलं होतं, मी तिला जिन्यावरून ढकललं, तेव्हाही बोट स्वतःच्याच छातीला लावलं होतं, आणि घरी येऊन पोटभर जेवली होती. एवढ्या वर्षांत एक खूण इकडची तिकडे केली नव्हती. याचा तिला जो माज होता तो तिनं कोणाला दाखवला नव्हता, पण होता. सगळ्यांच्या तोंडात जिभा होत्या. खरं फक्त माझ्या हातांत होतं.

"मी नऊ वर्षांची होते," धाकटी म्हणाली.

मी, थोरलीच्या बोटानं छातीला टोकलं. नऊ वर्षांची.

आणि आईनं मान हलवली. हो, होतीस.

थोरलीचा हात क्षणभर अडखळला. दोन्ही रांगा तिच्याकडे बघत होत्या. तिच्याकडे, धाकटीकडे कोणीच नाही. त्यांच्या लेखी तो लांब झगा नुसता हलत होता; गोष्ट सांगत होती ती काळ्या कपड्यांतली बाई, स्वतःच्या छातीला हात लावून. मागं शेकडो ऐकणाऱ्यांत धाकटीनं चोरलेलं इथं, या दोन रांगांत, मालकाला परत मिळालं होतं, आणि कोणाला पत्ता नव्हता! तिच्या छातीत काहीतरी दुष्ट, गोड असं उसळलं. सांग, बाई, सांग. बोल तू, आणि होऊ दे माझं.

हात चालू लागले. लांब व्हरांडा. फिनेलचा वास. डॉक्टरांच्या खिशातलं पेन — धाकटीनं पेन निळं केलं होतं, ते काळं होतं, पण निळं तर निळं. आईचं हसू आता गेलं होतं. शालीचं टोक तिच्या मुठीत आलं होतं. कुठला व्हरांडा ते तिला कळलं होतं.

…पेन काळंच होतं. टोपण चावलेलं. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन नेमकं डोळ्यांवर, आणि डॉक्टर माझ्या डोक्यावरून आईशी बोलत होते, मग लक्षात येऊन खाली माझ्याकडे वाकले. आईला सांग, बाळ. संध्याकाळ निघायची नाही. एवढंच. मला संध्याकाळ आणि निघणं जोडून सांगता येईना. लहान मुलाला मऊ शब्द कुठून येणार. मी तळवा उताणा धरला आईसमोर, आणि पालथा केला. मेलं की असं करतात. दारातली चिमणी मेली तेव्हा आईनंच शिकवलं होतं. आणि आईनं माझी दोन्ही मनगटं पकडली. बोलणाऱ्या पोराच्या तोंडावर हात दाबतात तशी. इतकी घट्ट की बोटं काळीनिळी झाली. तशीच ओढत ती बाबांच्या खाटेपाशी गेली आणि बसली, आणि ते गेले तेव्हा त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी सांगितलं म्हणून होतं. खोटं सांगितलं असतं तर ते एकटे गेले असते, छताकडे बघत. हे कधी कोणी म्हणालं? आईनं तो विषय पुन्हा हातात घेतला नाही. धाकटीला कुशीत घेऊन झोपायची. मला कामं सांगायची. बँकेत चल, भाडेकरूशी बोल. माझ्याकडं बघितलं की तिला तो तळवा दिसत असणार… दिसू दे…

"डॉक्टर म्हणाले," धाकटीचा आवाज बारीक झाला, "तुझ्या आईला सांग, तुझे बाबा आता वाचणार नाहीत."

थोरलीच्या हातांनी ते सांगितलं.

"मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि आईला सांगितलं…" धाकटी थांबली. थांबण्यात तिचा हातखंडा. "झोपलेत गं. आपण घरी जाऊ."

मागून हुंदका आला. मग दुसरा. ऐकणाऱ्यांचं रडणं सुरूही झालं. दुभाषी नेहमी एक वाक्य मागं असतो; त्याला ऐकून मग सांगावं लागतं. त्या एका वाक्याच्या फटीत थोरली उभी होती, उजवा तळवा समोर, उताणा. दोन्ही वाटा इथूनच निघत होत्या. तळवा गालाखाली नेला, मान कलती केली, की झोपलेत. नुसता पालथा केला, की…

पालथा कर. इतकी वर्षं ज्या खऱ्याचा माज केला ते आता या बयेनं काढलेल्या हुंदक्यांसाठी गालाखाली घालणार? आणि गोष्ट आता तुझी आहे ना? मग खोटंही तुझंच. आई बघेल, तुझ्याच हातांनी तू सांगतेयस की तू तिला फसवलंस. कर पालथा. पण धर्म? बोलणारा बोलेल तेच… तो मोडला तर कोर्टातल्या त्या सगळ्या साक्षींचं काय, माझ्या हातांत मग उरलं काय…

तिनं आईकडे पाहिलं.

आईनं शाल सोडली होती. तिच्या उजव्या हातानं डावं मनगट पकडलं होतं. स्वतःचंच. घट्ट, पेरं पांढरी होईपर्यंत, मांडीवरच्या पर्सवर. आणि ती तळव्याकडे बघत नव्हती. थोरलीच्या तोंडाकडे बघत होती.

म्हणजे ती विसरली नव्हती. एवढं कळलं. पुढचं कळेना. गप्प बस, पुन्हा नको, असं म्हणत होती? की सांग आता, तुझे हात नाही धरत, बघ, माझेच धरलेत मी? की तिलाही नुसतं आठवत होतं, आणि आठवताना हात आपोआप तिथं गेला होता, कोणालाही काही न सांगता? थोरलीनं आयुष्यभर त्या हातांचं बोट न् बोट वाचलं होतं. अंधारात वाचलं होतं, पाठमोरं वाचलं होतं. आज समोर, दिव्यात, तिला वाचता येईना. आणि ज्या रागावर ती इतकी वर्षं पाय रोवून उभी होती तो खालून किंचित सरकला. गेला नाही. जाईल कुठं. नुसता सरकला, आणि पायांना नवी जागा मिळाली नाही.

धाकटी पुढच्या वाक्यासाठी श्वास घेत होती. दोन रांगा वाट बघत होत्या. थोरलीचा तळवा उताणाच होता, काही मागायला पुढं केल्यासारखा, आणि पट्टीचं सुटलेलं टोक हलत होतं — वाऱ्यानं की बोटानं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.