नाव गुप्त राहील

माणसाचं मन अथांग असतं. हरियाणातल्या मानेसरच्या एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यानं त्याच्यासाठी समुपदेशनाची सोय पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या भिंतीला लागून केली होती, कारण तेवढीच खोली रिकामी होती.

प्रेस शॉपचा प्रमुख सुधन्वा तिथे गुपचूप जायचा. त्याच्या डोळ्यांदेखत एका कामगाराचा पंजा प्रेसखाली गेला, तेव्हापासून दर ठोक्याला त्याचे खांदे कानांपर्यंत जायचे. आणि ठोके दिवसभर पडायचे. थर्मासमधून घोटभर रम घेतली की खांदे खाली यायचे. आधी जेवणानंतर पुरायची, हल्ली कामावर आल्या आल्या लागायची.

समुपदेशक चेतना नागपूरची. मराठी माणूस भेटला म्हणून दोघंही हरखले. मग तिनं, तुमच्या चहाला वाफ कशी नाही, असं विचारलं आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, हा आजार आहे, भित्रेपणा नाही. शरीर अजून त्या अपघातातच अडकलंय आणि रम त्याला तिथून हलू देत नाही. दारू एकदम नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. सुरुवातीचा महिना-दीड महिना या आवाजापासून लांब राहायचं. नाव मात्र कुणाला कळणार नाही.

तो शब्द तिनं पाळला. सोमवारच्या मीटिंगमध्ये एचआरच्या वैजयंतीबाईंनी विषय काढला: प्रेस शॉपमधल्या एकाला उपचारासाठी दीड महिना रजा हवी आहे, नाव गुप्त, निर्णय विभागप्रमुखांचा.

प्लँट हेड भाऊसाहेब हसले. "कोण रे हे नाजूक फूल, सुधन्वा?"

"कल्पना नाही, साहेब."

"मार्च एंड आहे. सोडतोस का? तुझा माणूस, तू बोल."

हो म्हणावं, तर उद्या कुणाची खुर्ची रिकामी आहे ते अख्ख्या कारखान्याला दिसणार. मग रजा कशाची, हा प्रश्न आलाच, आणि कामावर दारू म्हणजे थेट घरचा रस्ता. नाही म्हणावं, तर हेच ठोके. तेवढ्यात खाली प्रेसचा ठोका पडला. सुधन्वाचे खांदे वर गेले. सगळ्यांना वाटलं, त्यानं खांदे उडवले.

"बिल्कुल बरोबर," भाऊसाहेब म्हणाले. "एकाला दिली की सगळे मागतील. मग, नाही ना?"

"नाही," सुधन्वा म्हणाला. "मार्चमध्ये कुणालाच सोडता येणार नाही."

वैजयंतीबाईंनी रजा नामंजूर केली.

मार्चचं उत्पादन तरीही कमीच भरलं.