ठशातलं नाव

नवा मोगल बादशहा तख्तावर बसून जेमतेम तीन महिने झाले होते, आणि माझ्या सासऱ्यांनी, मामांनी, त्याच्या चांदीच्या रुपयाच्या ठशावर नाव कोरलं होतं मेलेल्या बादशहाचं.

मी अंगठेबहाद्दर. पण टाकसाळीत बारा वर्षं तेच नाव ठोकलंय, त्याची वळणं झोपेतही ओळखेन. सकाळी नव्या ठशाचं पहिलंच नाणं उलटून पाहिलं, तर तेच जुनं नाव. जन्मभर एकच नाव कोरलेला मामांचा हात तो, सवयीनं चालत राहिला. दारोगाच्या लक्षात आलं, तर राजद्रोह म्हणून तो हातच तोडतील.

मामांना सांगावं? छे! ते हरिश्चंद्राचे अवतार, स्वतःच जाऊन कबुली देऊन बसले असते.

एक बरं होतं. ठसा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असतो, सगळा मजकूर कुठल्याच रुपयावर मावत नाही. पहिलं नाणं मी गुपचूप मुशीत वितळवलं आणि पुढची प्रत्येक चकती सरकवून ठेवली, नाव बाहेर राहील अशी. कुणी खोकलं तरी दचकत होतो. मामा मात्र पलीकडे छिन्नीला धार लावत मजेत गुणगुणत होते.

दुपारी दारोगा आला. त्यानं मूठभर रुपये चाळले.

"बादशहाचं नाव कुठाय?"

"चकती सरकली, सरकार."

"सगळ्याच? ठोक माझ्यासमोर. नाव मधोमध येऊ दे."

चकती मधोमध ठेवली. ठसा फोडणाऱ्याला टाकसाळीत पुन्हा पाऊल ठेवू देत नाहीत, आणि घरी बायकोला सातवा महिना. पण मामा तिचे वडील. मी वरचा ठसा तिरका धरला आणि होतं नव्हतं ते बळ लावून घण हाणला. खालचा ठसा फुटला. नावाच्या जागी नुसता भुगा उरला.

"चालता हो इथून!" दारोगा गरजला.

मामा धावत आले. तुकडे ओंजळीत घेताना त्यांना रडू कोसळलं. आजवर मला त्यांनी 'जावईबापू' सोडून कधी हाक मारली नव्हती.

"आयुष्यात एकच चूक केली मी," ते म्हणाले. "तुला मुलगी दिली."