कावेरीचं बोट धरून

संताजींनी यमुनेच्या कासवाला दुसरा डोळा काढला, ब्रश दातांत धरला आणि शिडीच्या पायऱ्या चाचपत ते खाली उतरले. मान तिरकी करून त्यांनी भिंत पाहिली. सहा नद्या झाल्या होत्या. मगरीवर गंगा, कासवावर यमुना, हंसाशेजारी सरस्वती, मग सिंधू, नर्मदा, गोदावरी. सगळ्या गोऱ्यापान, सगळ्यांच्या कमरेवर घडा आणि सगळ्यांचं नाक एकच. उजवीकडे सातवीची जागा तेवढी पांढरी होती.

जयनगरातल्या समाजाच्या कल्याणमंटपातली, म्हणजे मंगल कार्यालयातली, ही भिंत, नवरानवरी बसतात त्याच्या बरोबर मागची. आंघोळीच्या तांब्यात आपण सात नद्यांना बोलावतो, तर लग्नालाही त्या हजर असाव्यात, ही सचिव दयानंदांची कल्पना. फ्लेक्सवर छापून लावू, असं काहींनी सुचवलं होतं. दयानंदांनी मात्र संताजींचं नाव लावून धरलं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला, समाजातलाच माणूस. फ्लेक्स आल्यापासून घरी बसलेला. आता दहा दिवसांवर या भिंतीपुढचं पहिलं लग्न आलं होतं आणि सातवी नदी, कावेरी, काही केल्या उतरत नव्हती.

कारण संताजींना कळत होतं. बाकीच्या सहा त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. कॅलेंडरांवरून गिरवलेले ते चेहरे हाताला पाठ होते. कावेरी तेवढी त्यांनी खरोखर पाहिली होती, तिच्यात उतरून ओंजळभर पाणी प्यायले होते. तिला ते नाक लावायला हात तयार होईना.

रात्री ते घरी जेवायला बसले. बायकोनं, रत्नाबाईंनी, दोनदा भात हवा का विचारलं, तेव्हा त्यांनी कुठं अडलंय ते सांगितलं. पलीकडे त्यांची मुलगी चंदना जेवत होती. ती इंजिनियर, केंगेरीच्या बाजूला सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात कामाला. तीन वर्षांत बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. होसकोट्याच्या एका घरचे तिला पाहायला आले, तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं होतं, मुलगी मोरीवर काम करते म्हणे? त्यानंतरच्या पाहुण्यांना संताजींनी आपणहून सांगितलं, ती पाणीखात्यात आहे, टेबलाचं काम. चंदनानं आतल्या खोलीतून ते ऐकलं. ती भांडली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून कामावरच्या गोष्टी घरात सांगायची बंद झाली.

आज मात्र तिनं मान वर केली.

"आप्पा, आमचं पाणी कावेरीलाच जातं."

संताजींना वाटलं, ही थट्टा करतेय.

"आम्ही ते वृषभावतीत सोडतो, ती अर्कावतीला मिळते. अर्कावती संगमाला कावेरीत. तुम्ही आम्हाला नेलं होतं ना संगमाला, लहानपणी? तिथं आपण पाय सोडून बसलो होतो, त्यात आपल्या नाल्याचं पाणी होतं."

"नाला तो."

"नदी आहे," चंदना म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

वृषभावतीचं नाव संताजींना ठाऊक नव्हतं असं नाही. बसवनगुडीतल्या नंदीच्या पायाशी एक नदी उगम पावते, असं त्यांची आई सांगायची. पण ते देवळातलं सांगणं. त्याचा आणि म्हैसूर रस्त्यालगतच्या काळ्या, फेसाळ, नाक धरायला लावणाऱ्या प्रवाहाचा संबंध त्यांनी कधी जोडला नव्हता. आयुष्यभर ते त्या रस्त्यानं गेले-आले होते, आणि तो भाग आला की बसची खिडकी लावून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मंटपाकडे जायला म्हणून ते निघाले आणि केंगेरीच्या बसमध्ये चढले.

पुलावर उतरल्याबरोबर वास आला. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि कठड्याशी उभे राहिले. खाली पाणी जोरात वाहत होतं. इतकं पाणी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. काठावर तिघं माणसं होती. दोघं वर थांबली होती आणि तिसरं गुडघाभर गाळात उतरून काठीला बांधलेली बाटली प्रवाहात बुडवत होतं. बाटली भरली. ते माणूस वळलं, तेव्हा संताजींना कळलं की ती चंदना आहे.

ती सावकाश वर येत होती. एक पाय गाळात रुतला, तिनं तो उपसला तर बूट आतच राहिला. वरच्या दोघांनी हात पुढं केला, पण तिनं आधी बाटली त्यांच्या हाती दिली. मग वाकून बूट ओढून काढला, उलटा करून त्यातलं पाणी ओतलं आणि तशीच, एक पाय काळा घेऊन, काठावर बसून वहीत काहीतरी लिहू लागली. संताजी हाक मारणार होते. हाक मारली तर ती वर बघेल आणि आपल्या नाकावरचा रुमाल तिला दिसेल, हे त्यांच्या लक्षात आलं. रुमाल खिशात घालून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग परतीची बस आली.

त्या दुपारी ते शिडीवर चढले ते दिवेलागणीलाच उतरले. कावेरी सावळी झाली. नाक जरा पसरट, मनगट कामाच्या बाईचं. तिच्या कमरेवर घडा नव्हता, कारण दोन्ही हात गुंतले होते. एका हातानं तिनं पदर सावरला होता. दुसऱ्या हाताचं बोट धरून एक सात-आठ वर्षांची मुलगी तिच्यामागून धावत येत होती. परकर वर खोचलेला, केस सुटलेले, पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेले.

दयानंद दुसऱ्या दिवशी आले. कावेरीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. ती त्यांना आवडली, हे दिसत होतं. मुलगी कोण, ते विचारल्यावर संताजींनी सांगितलं.

"अण्णा, लग्नाच्या मंटपात मोरी?" दयानंद हळू आवाजात म्हणाले. "मुलगी राहू दे. पाय तेवढे स्वच्छ करा."

संताजींनी आयुष्यात गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. अक्षर मोठं करा म्हटलं की मोठं, लाल म्हटलं की लाल. ते शांतपणे ब्रश धुऊ लागले.

"चिखलातून आली तर पाय मळणारच," ते म्हणाले. "पुसायचे असतील तर दुसरा पेंटर बघा."

दुसरा पेंटर बघायला वेळ नव्हता. दयानंदांनी तोडगा काढला, की लग्नाच्या दिवशी त्या कोपऱ्यात फुलांची कुंडी ठेवायची.

लग्न रूपश्रीचं होतं. समाजातलीच मुलगी. मुहूर्त झाला, पंगती सुरू झाल्या, मंटप थोडा मोकळा झाला. नवरीची आजी, इंदिराबाई, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत भिंतीशी आल्या. हातात कुंकवाची कुयरी होती. त्यांनी गंगेपासून सुरुवात केली, एकेकीच्या पायाला बोट लावत सातवीपर्यंत आल्या आणि कुंडीपाशी थांबल्या. काठीनंच त्यांनी कुंडी बाजूला सारली.

"ही कोण?"

संताजी जवळच उभे होते. दयानंदही होते आणि त्यांच्यामागे पंगतीतून उठलेले पाच-सहा पाहुणे.

"वृषभावती," संताजी म्हणाले.

इंदिराबाईंनी खाली वाकायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा नवरीलाच बोलावलं आणि तिच्याकरवी त्या काळ्या पायांना कुंकू लावलं. आपण लहानपणी केंगेरीजवळ राहत होतो, असं त्यांनी तिला सांगितलं. आई धुणं धुवायची, आम्ही पोरी पाण्यात. परकरात मासे धरायचो. परत जाताना पाय असेच व्हायचे, आणि आई दारातच तांब्या घेऊन उभी असायची.

"आता कशी आहे ती?" त्यांनी संताजींना विचारलं.



"माझ्या मुलीला माहीत. ती तिथंच काम करते. रोज तिच्यात उतरते." आणि त्यांनी मंटपाच्या टोकाकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "चंदना!"

चंदना आली. तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि मग ती इंदिराबाईंशी बोलू लागली. काही खोटं सांगितलं नाही. पाणी अजून वाईट आहे, पण तीन वर्षांपूर्वी होतं तितकं नाही. केंद्रातून पाणी सोडतात, तिथं गेल्या महिन्यात एक बगळा येऊन बसला होता. तो का आला, ते अजून कळलं नाही.

"मला घेऊन चल एकदा," इंदिराबाई म्हणाल्या.

"वास येतो, अज्जी."

"येऊ दे की. ओळखीचं माणूस आजारी पडलं, तर वास येतो म्हणून भेटायचं राहतो का आपण?"

चंदना हसली. तिनं इंदिराबाईंच्या पायांकडे नजर टाकली, म्हणाली, सरी, ठीक आहे, सोमवारी चला. केंद्रात लहान मापाचे बूट आहेत, ते होतील तुम्हाला.

दयानंद कुंडी उचलून दाराकडे न्यायला कुणाला तरी सांगत होते. संताजी अजून तिथंच, दोन्ही हात मागं बांधून उभे होते.

"आणि माझ्या मापाचे?" त्यांनी विचारलं.