पोत्या नुसता उभा राहायचा

तिसऱ्या मिनिटालाच सुतळ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडद्यावर तो स्वतःच होता, पंचविशीतला, काटकुळा. शिडीवरून चुन्याच्या बादलीत पडला, उठला, लगेच दारावर आपटला, लगेच जिन्यावरून गडगडत खाली. नुसती धाडधाड! आणि त्या छोट्या थिएटरात बसलेली वीस माणसं? ढिम्म. एकजण तर चक्क जांभई देत होता मेला.

"बंद करा!" म्हातारा सुतळ्या ओरडला. "दिवे लावा आधी!"

दिवे लागले. जुन्या सिनेमाची ही नवी प्रत जिने तयार केली होती, ती संकलक पोरगी धावत आली. उद्या हीच प्रत सगळीकडे जाणार होती. सुतळ्या-पोत्या या विनोदी जोडीतला एकटा हयात म्हणून सुतळ्याची सही तेवढी बाकी होती. पोत्या जाऊन तीन महिने झाले होते. त्याची बायको शेजारच्याच खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. नवऱ्याला पडद्यावर बघायला म्हणून बिचारी मुद्दाम आलेली, आणि एवढ्या वेळात तिला त्याचा खांदा काय तो दिसला होता.

"माझा जोडीदार कुठंय?" सुतळ्यानं विचारलं.

"आहेत ना, काका. फक्त तुम्ही पडल्यावर ते नुसते उभे राहून आपल्याकडे बघतात ना, तेवढं काढलंय. तिथं काहीच घडत नाही. आताच्या लोकांना इतका धीर नसतो."

काहीच घडत नाही! सुतळ्यानं काठी जमिनीवर आपटली. त्या काळी सिनेमा बाहेर काढण्याआधी एखाद्या गल्लीतल्या थिएटरात दाखवायचे. पोत्या मागच्या रांगेत घड्याळ घेऊन बसायचा. लोक किती वेळ हसतात ते मोजायचा आणि नेमका तेवढाच वेळ आपला तो बावळट चेहरा पडद्यावर ठेवायला लावायचा. कुठं पाच सेकंद, कुठं सात. सुतळ्या पडला की लोक दचकायचे. पोत्या वळून त्यांच्याकडे बघायचा, तेव्हा कुठं हशा फुटायचा. सुतळ्याला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण कबूल करील तर शपथ!

"कुणाच्या अकलेनं कापलंत हे?" तो गरजला. "गाढवाला गुळाची चव काय! कोण तो दीडशहाणा, समोर आणा त्याला!"

आता पोरगीही तापली. "तुमच्याच अकलेनं, काका." तिनं फाइलमधून एका जुन्या मासिकाचं कात्रण काढलं आणि सगळ्यांसमोर खणखणीत वाचलं. "'हाडं माझी मोडायची. पोत्या नुसता उभा राहायचा. त्याला कापून टाकला तरी सिनेमाला काडीचाही फरक पडणार नाही.' मुलाखत तुमचीच आहे ना? मला वाटलं, तुमची इच्छाच आहे."

सुतळ्यानं कात्रण हातात घेतलं. तीस वर्षांपूर्वी जाहिरातीत पोत्याचं नाव आधी छापलं म्हणून ओकलेली ती गरळ. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. पोत्या गेला तेव्हाही हा 'गुडघा दुखतोय' म्हणून घरातच बसला होता.

"जुनं रीळ लावा," तो कसाबसा म्हणाला.

लावलं. शिडी, बादली, सुतळ्या चुन्यात. मग पोत्या सावकाश वळला आणि नुसता बघत राहिला. एक. दोन. तिसऱ्या आकड्याला तो जांभईवाला फसकन हसला, आणि पाचापर्यंत वीसच्या वीस माणसं पोट धरून हसत होती. पोत्याची बायको तेवढी हसली नाही.

"वहिनी," सुतळ्या तिच्याकडे वळला, "हशा त्याचा होता. माझा कधीच नव्हता. ही कापलेली प्रत जाणार नाही. मी सही करत नाही, मग काय वाटेल ते होवो!"

"मला कशाला सांगताय, भावजी?" तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला काय ठाऊक नव्हतं? ज्यांना सांगायचं होतं ते तीस वर्षं तुमच्या फोनची वाट बघत होते. घंटी वाजली की मला उचलू द्यायचे नाहीत, तो अवजड देह घेऊन स्वतः उठायचे. शेवटी शेवटी दोघांनी धरावं लागायचं, तरी उठायचे."