दोन हात पाणी

शिडाच्या होड्यांची समोरासमोरची शर्यत म्हणजे निव्वळ भांडण असतं. होड्या दोनच, अगदी सारख्या, आणि खरी झोंबाझोंबी सुरुवातीच्या आधीच. दोन्ही होड्या वाऱ्याकडे तोंड करून एकमेकींना खेटून थांबतात, शिडं फडफडत राहतात, आणि जिचा धीर आधी सुटतो तिचं बहुतेक बिनसतं. सख्ख्या बहिणींनी तरी हा खेळ खेळू नये. पण या दोघी खेळत होत्या, तोही अंतिम सामन्यात, एक-एक फेरी जिंकून बरोबरी झाल्यावर.

थोरलीला बंदराचा सगळा धक्का ताईच म्हणायचा. वय बेचाळीस, जीभ तिखट. धाकटीला सुकाणू धरायला तिनेच शिकवलं, आणि चार वर्षांपूर्वी निवड समितीपुढे ‘ही हाताने मंद आहे’ असं सांगून आपल्या होडीतून उतरवलंही तिनेच. धाकटीने सामान उचललं, स्वतःचा संघ उभा केला आणि ताईशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

ताईने काय केलं? काही नाही. फोनकडे हात गेला की ताठा आडवा यायचा. जेवण ओट्यापाशी उभ्यानेच उरकायचं, एका माणसासाठी टेबल कोण पुसणार? सुट्टीच्या दिवशी सकाळपासून आपण एक शब्दही बोललो नाही, हे संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं. मग ती गळक्या नळाला चार शिव्या हासडायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

या वेळी मात्र तिने ठरवलं होतं. करंडक गेला खड्ड्यात, धाकटीशी बोलायचं. धक्क्यावर धाकटी तिला पाहिलं की वाट बदलायची. पाण्यावर कुठे जाणार होती?

सुरुवातीला दीड मिनिट असताना होड्या थांबल्या. मध्ये दोन हात पाणी. धाकटीच्या कानामागचा तीळसुद्धा दिसत होता. ताईची जोडीदारीण सेकंद मोजत होती. पन्नास उरले, पंचेचाळीस उरले.

“चुकलं माझं,” ताई म्हणाली. “तू मंद नव्हतीस. तू माझ्या पुढे जायला लागली होतीस, ते मला बघवेना.”

धाकटीने मान वळवली नाही, पण सुकाणूवरचा तिचा हात थबकला. मग तिने होडी वळवली आणि ती हळूहळू निघाली. जोडीदारीण ओरडली की आपणही निघू या. ताई कुठली निघते! ती उत्तराची वाट बघत बसली. तोवर तिची होडी मागे सरकायला लागली होती. अशा वेळी सुकाणू उलटं द्यावं लागतं. नवशिक्यांना हे घोकून घेणारी ही बाई, आणि तिने नेमकं सरळ दिलं. होडी आडवी फिरली आणि धाकटीच्या होडीवर आदळली. धाकटीने तक्रारीचा बावटा दाखवला, मोटरबोटीतल्या पंचांनी ताईला दंड दिला, म्हणजे भर शर्यतीत एक गिरकी घ्यायची. सामना तिथेच ताईच्या हातून गेला.

ताईला त्याचं काही नव्हतं. बोललो तर खरं! इतकं हलकं तिला चार वर्षांत वाटलं नव्हतं.

धक्क्यावर ती शीड घडी करत मुद्दाम रेंगाळली. धाकटी आपणहून आली तेव्हा तिने घडी अर्धीच टाकली.

“ऐकलं मी,” धाकटी म्हणाली. “चार वर्षं फोन होता, ताई. घर माहीत होतं. तुला आठवण झाली ती पंचेचाळीस सेकंद उरल्यावर. माझा हात डळमळावा म्हणून. डळमळलाही क्षणभर.”

तसं नाही गं, त्यापायी मीच हरले, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं. पण ऐन वेळी काहीतरी जिव्हारी लागणारं बोलून समोरच्याचं चित्त उडवायचं, हे तिचंच जुनं हत्यार. किती जणींना तिने असं रडवून हरवलं होतं, आणि तेव्हा शिडाची दोरी धरून शेजारी हसत बसलेली असायची ती ही धाकटीच. दुसऱ्या कुणाला पटवता आलं असतं.

धाकटी जराशी थांबली. ताई पुन्हा शीड घडी करायला लागली, तशी ती निघून गेली.