दुसऱ्या वाटेचं चिन्ह

सातव्या पानावर पेन्सिल थबकली, आणि चूक पुरती समजायच्या आधीच दादाने नफा मोजला: गप्प बसलं तर कायमची जागा आपली. जागा एक, उमेदवार दोन. विभागात सगळे ज्याला दादा म्हणत तो, आणि जिला धाकटी म्हणत ती. निवड सरांची, परवा होणाऱ्या तिच्या व्याख्यानानंतर.

धाकटी सात वर्षं मागून आलेली. पण सर हल्ली चहाला तिच्याच टेबलापाशी थांबत. दादाला तो चहा दुरूनच कडू लागे.

धाकटीने त्याला तपासायला दिलेलं गणित होतं प्रकाशकण प्रोटॉनवर आदळून पायॉन नावाचा कण कसा बाहेर पडतो, याचं. वाटा दोन. एक तर पायॉन थेट निघतो, नाहीतर प्रोटॉन आधी उत्तेजित होतो आणि मग पायॉन सोडतो. दोन्हींची बेरीज करायची. दुसऱ्या वाटेचे आकडे धाकटीने परक्या गटाच्या तक्त्यातून उचलले होते, आणि तो गट अधिक-उणे चिन्ह उलटं धरतो, हे या कामातल्या चार जुन्या खोडांनाच ठाऊक; दादा त्यातलाच एक. धाकटीने चिन्ह तसंच ठेवलं होतं. त्यात जुळवून घ्यायचे दोन आकडे इतके लवचीक, की चुकीचा आलेखही मोजमापांवर गुमान बसला होता.

“दादा, बघितलंस का रे?” धाकटी दारातूनच म्हणाली. “खरं सांग हं. सरांपुढे तोंडघशी पडायला नको.”

“पान न् पान बघितलं.” त्याने कागद नीट जुळवून तिच्या हातात दिले. “बिनधास्त जा.”

“तू आहेस म्हणून निभावतं बघ माझं.”

व्याख्यानाला तो पहिल्या रांगेत बसला. धाकटी फळ्याकडे वळली.

“इथे माझी घोडचूक झाली होती,” ती म्हणाली. “चिन्ह उलटं. काल सकाळी नवी मोजमापं आली, आलेख पार भरकटला, तेव्हा कळलं. दादाने तर पान न् पान तपासलं होतं. त्याच्याही नजरेतून सुटलं, म्हणजे बघा!”

लोक हसले. सर हसले नाहीत.

“काय रे? दहा वर्षं हेच करतोयस. तुला दिसलं नाही?”

दादाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं. दिसलं म्हणावं तर लबाड, नाही म्हणावं तर मठ्ठ.

“नाही दिसलं, सर.”

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पुढचं समीकरण लिहू लागली होती.

चूक तिची, तिचा एक दिवस गेला. दादाची दहा वर्षं.