ताणमुक्त पट्ट्या

सकाळी पावणेआठला वजनबाई प्रयोगशाळेचे कुलूप उघडत. पिशवी खुंटीला, चष्मा नाकावर आणि चहाच्याही आधी टाकीतला तापमापक. सदतीस अंश, म्हणजे माणसाच्या अंगाइतके. टाकीतल्या खारट पाण्यात बोटभर लांबीच्या बारा पट्ट्या ओळीने निजलेल्या असत. मोडलेल्या हाडाला आधार द्यायचा आणि हाड सांधले की शरीरातच विरघळून जायचे, हे त्यांचे काम. पुन्हा चिरफाड करून काढायला नको. विरघळताना त्यांच्या अंगावर बारीक बुडबुडे धरत. वजनबाई ते भिंगातून पाहत, पट्टी पुसून तोलत, आकडा वहीत लिहीत आणि मगच चहाकडे वळत.

त्या स्वतः जेमतेम पंचेचाळीस किलोंच्या. नाव पडले ते पट्ट्यांना वजने टांगण्याच्या कामावरून. माणूस चालला की हाडावर भार येतो, तेव्हा पट्टीची परीक्षाही भाराखालीच व्हायला हवी. वाकलेल्या पट्टीला केसासारखी भेग पडते, भेगेत पाणी शिरते आणि तिथूनच धातू खात सुटते. पहिल्या तीन पट्ट्या वजनाखाली अशाच नवव्या आठवड्यात तुटल्या होत्या. हाडाला सांधायला बारा आठवडे लागतात. म्हणून वजनबाईंनी बारा नव्या पट्ट्या घेऊन, वजने टांगून, परीक्षा पुन्हा मांडली.

त्याच आठवड्यात संचालक कसल्याशा शिबिराहून परतले आणि परिपत्रक निघाले : 'आजपासून ही संस्था ताणमुक्त राहील. कोणत्याही विभागात कोणत्याही स्वरूपाचा ताण आढळल्यास संबंधितांस जबाबदार धरले जाईल.'

प्रशासन अधिकारी हा परिपत्रकाच्या अक्षराला जागणारा माणूस. तो पाहणी करत प्रयोगशाळेत आला आणि टाकीवरच्या चिठ्ठीपाशी थबकला. चिठ्ठीवर लिहिले होते, 'ताणाखालील नमुने. हात लावू नये.'

"हे काय आहे, बाई?"

"पट्ट्यांवर ताण दिलाय, साहेब."

"आणि वर लेखी कबुली," तो खालच्या आवाजात म्हणाला.

दुपारपर्यंत दोन शिपायांनी सगळी वजने उतरवून कोठीत नेली. वजनबाई संचालकांकडे गेल्या.

"साहेब, तो ताण वेगळा."

"ताण तो ताणच, बाई. आपला तेवढा वेगळा वाटतो, हीच ताणाची पहिली खूण. शिबिरात सांगितलंय." संचालकांनी त्यांना दीर्घ श्वास घ्यायला लावला. वजनबाईंनी तो घेतला आणि तसाच सोडून दिला.

मग चोवीस आठवडे बाराही पट्ट्या माहेरवाशिणींसारख्या सुखात लोळल्या. एकीलाही तडा गेला नाही. अहवाल तयार झाला तेव्हा संचालकांना आनंद मावेना.

"पाहिलंत? ताण काढला आणि आयुष्य जवळपास तिप्पट. माणसांनाही हेच लागू."

"आणि त्या तीन तुटलेल्या?"

"त्या ताणग्रस्त काळातल्या. ग्राह्य नाहीत. उद्या शेवटच्या पानावर तेवढी तुमची सही."

संध्याकाळी घरी हे ऐकून नवरा म्हणाला, "कर सही आणि मोकळी हो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सारं ऑफिस ताणमुक्त झालं, तूच एकटी कशाला ताणून धरतेस?"

सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "रिकामी खुर्ची कधी मोडत नाही गं. बसणारा आला की कळतं."

"आई, तू तिला आणखी चढवू नकोस."

"मी खुर्चीबद्दल बोलतेय. तुला का झोंबलं?"

दुसऱ्या दिवशी अहवाल वजनबाईंच्या टेबलावर येऊन पडला. टोपण काढले एवढ्यात फोन वाजला. इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या.

"सोमवारी तुमची पहिली पट्टी बसवतेय. टपाल वाटणारी बाई आहे, नडगी मोडलीय. रोज एकच विचारते, कधी चालू? तुमच्या संस्थेनं अहवालाचा मसुदा पाठवलाय, त्यात म्हटलंय की भार चालेल. दुसऱ्या आठवड्यात उभी करू ना?"

"वजन किती तिचं?"

"बहात्तर. का हो?"

वजनबाईंनी टाकीत भाराविना निजलेल्या पट्ट्यांकडे पाहिले. त्यांच्यावर बहात्तर किलो सोडा, माशीही बसली नव्हती.

"अहवाल हातात पडेपर्यंत पट्टी बसवू नका, डॉक्टर."

"मसुद्यात आणि अहवालात फरक आहे की काय?"

"तीन पट्ट्यांचा."

फोन ठेवून त्यांनी शेवटचे पान समोर ओढले. सहीच्या जागेच्या वर, छापल्यासारख्या सुवाच्य अक्षरात लिहिले : 'हे बारा नमुने भाराविना ठेवले होते. भाराखालील तिन्ही पट्ट्या नवव्या आठवड्यात तुटल्या. हाड सांधेपर्यंत ही पट्टी चालत्या पायाचा भार सोसेल, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही.' खाली सही केली. जुन्या वहीतली, तुटलेल्या पट्ट्यांच्या नोंदींची तीन पाने जोडून तीन प्रती काढल्या आणि जिना उतरून त्या आवक-जावक खिडकीशी गेल्या.

कारकुनाने पत्ते वाचले. एक डॉक्टरीणबाईंना, एक इस्पितळाच्या नीतिसमितीला.

"साहेबांनी पाहिलंय ना?"

"सही माझी आहे. सहीच्या वर मी काय लिहिलं, तेही माझंच."

"एकदा जावक क्रमांक पडला की परत मागता येत नाही हं, बाई."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. टाका क्रमांक."

त्याने दोन्ही पाकिटांवर शिक्का मारून क्रमांक टाकले आणि ती डाकेच्या थैलीत सोडली. तिसरी प्रत घेऊन वजनबाई वर गेल्या. संचालकांचा मौनाचा तास चालू होता. डोळे मिटून, तळवे उताणे ठेवून ते स्वस्थ बसले होते. वजनबाईंनी प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर पट्टीचा तुटलेला एक तुकडा ठेवला आणि पाऊल न वाजवता बाहेर आल्या.